हिरड्यांची सूज सांगणारी प्रोटीनं: खुर्चीत बसल्या बसल्या लोक विचारतात ते सगळे प्रश्न

पूर्वी पेशंट यायचे ते 'मॅडम, दात हलतोय' म्हणून यायचे. आता हातात रिपोर्ट असतो, सीआरपी (शरीरात कुठेही सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढलंय म्हणून फिजिशियननी दात दाखवायला सांगितलेलं असतं, नाहीतर मुलाने जर्मनीहून लिंक पाठवलेली असते की तिकडे थुंकीवरून पायरिया कळतो, तुमच्याकडे आहे का ती टेस्ट. मी दिवसभर हिरड्यांचंच काम करते आणि रोज तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. ज्याला जो प्रश्न पडलाय तो शोधून वाचा, सगळं वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

आधी हे सांगा, पायरिया, जिंजिव्हायटिस, पेरिओडोंटायटिस हे सगळं एकच ना?

नाही हो. जिंजिव्हायटिस म्हणजे नुसती हिरडी सुजलेली, लाल झालेली, ब्रश केला की रक्त. हाड शाबूत असतं, त्यामुळे नीट साफसफाई केली की पूर्ववत होते. पेरिओडोंटायटिस म्हणजे सूज खाली उतरली, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटायला लागले आणि हाड झिजायला लागलं, आणि गेलेलं हाड सहसा आपणहून परत येत नाही. आपल्याकडे घरोघरी 'पायरिया' म्हणतात तो बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार असतो, पण लोक दोन्हीला पायरियाच म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

आणि ही 'सुजेची प्रोटीनं' म्हणजे काय? आम्ही डाळीतलं प्रोटीन ऐकलंय.

डाळीशी काही संबंध नाही. दाताच्या मुळाशी किटण साठलं की त्यातल्या जंतूंना अडवायला शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं. या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, 'इकडे या', 'रक्तवाहिन्या सैल करा', 'इथलं पाडा', आणि हे निरोप म्हणजेच प्रोटीनं. काही प्रोटीनं निरोप नसून सरळ हत्यारं असतात, मांस-तंतू कापणारी. जंतूंपेक्षा हाडाचं जास्त नुकसान आपलीच ही फौज करते, हे पहिल्यांदा ऐकलं की पेशंटचा विश्वासच बसत नाही. पण खरंय, चोर पकडायला आलेल्यांनी घराची दारं-खिडक्याच उखडून न्याव्यात तसला प्रकार. आणि हीच प्रोटीनं हिरडीतून पाझरून तोंडात येतात, थोडी रक्तातही जातात, म्हणून ती मोजली तर आत काय चाललंय त्याचा अंदाज लागू शकतो, एवढीच सगळी आयडिया.

पण रक्त येतंय हे तर आरशातही दिसतं, मग टेस्टचं काय काम?

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर जरा लांब आहे.

आम्ही तपासताना एक बारीक, खुणा केलेली सळई, म्हणजे प्रोब, हिरडी आणि दाताच्या फटीत घालतो आणि किती मिलिमीटर खाली जाते ते बघतो, जोडीला एक्स-रे काढतो. आता प्रोबने आणि एक्स-रेने कळतं ते आजपर्यंत किती नुकसान झालं ते. सहा मिलिमीटरचा खड्डा आहे म्हणजे कधीतरी इथे हाड गेलं, पण ते पाच वर्षांपूर्वी जाऊन थांबलंय की आत्ता या महिन्यातही जातंय, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

राहिलं रक्त. स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस लांग आणि त्यांच्या टीमने १९८६ आणि १९९० मध्ये हेच तपासलं होतं. ज्या जागी सलग चार व्हिजिटना प्रोब लावल्यावर रक्त आलं, त्यातल्या साधारण ३० टक्के जागांवरच पुढे दाताची पकड सुटली. म्हणजे रक्त येतंय म्हणून हाड जाणारच असं नाही. उलट बाजूने मात्र हा निकष जबरदस्त निघाला, ज्या जागी वारंवार बघूनही रक्त येत नाही ती जागा ९८ टक्के वेळा स्थिर राहते. त्यामुळे रक्त न येणं ही आमच्यासाठी फार चांगली बातमी असते, रक्त येणं ही अर्धवट बातमी असते, आणि ती अर्धवट बातमी पूर्ण करायला प्रोटीनं उपयोगी पडतील या आशेवर गेली तीस-चाळीस वर्षं लोक काम करतायत.

ही प्रोटीनं गोळा कुठून करतात? सुई टोचतात का?

नाही, सुई नाही. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत एक पाण्यासारखा द्रव पाझरत असतो, निरोगी हिरडीत अगदी नावाला आणि सुजलेल्या हिरडीत जास्त. त्या फटीच्या तोंडाशी कागदाची बारीक पट्टी साधारण अर्धा मिनिट ठेवतात आणि द्रव टिपून घेतात. मिळतो किती, तर बऱ्याचदा एक मायक्रोलिटरसुद्धा नाही, म्हणजे डोळ्याला जेमतेम पट्टी ओली झालेली दिसते. त्यात थुंकी लागली, रक्त लागलं की सँपल वाया. डेंटल कॉलेजात एमडीएस करणाऱ्या मुलांना विचारा, थीसिससाठी हे सँपल घेताना काय हाल होतात ते!

दुसरा मार्ग थुंकीचा. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते, गोळा करायला सोपी, पण ती अख्ख्या तोंडाची मिसळ असते. त्यात सगळ्या दातांचा द्रव एकत्र येतो, त्यामुळे 'तोंडात कुठेतरी जळतंय' एवढं कळतं, कुठल्या दाताशी ते नाही. तिसरा मार्ग रक्ताचा, तो पुढे सांगते.

नावं तरी सांगा, नेमकं काय काय मोजतात?

यादी शंभराच्या वर जाईल, मी चार-पाच सांगते ज्यांना खरंच अर्थ आहे.

पहिलं इंटरल्यूकिन-१ बीटा. सुजेची पहिली आरोळी म्हणा. हे वाढलं की इतर पेशी जाग्या होतात, कापणारी प्रोटीनं बनायला लागतात आणि हाड खाणाऱ्या पेशीही कामाला लागतात. आजारी जागेतल्या द्रवात हे निरोगी जागेपेक्षा जास्त सापडतं, आणि असं सापडल्याचे रिपोर्ट इतक्या ठिकाणांहून आलेत की त्याबद्दल आता फारसा वाद नाही. याच्याच जोडीला टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६, त्यातलं ६ नंबरचं लक्षात ठेवा, कारण ते लिव्हरपर्यंत जाऊन तिथे सीआरपी बनवायला लावतं.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, एमएमपी-८. हे कोलॅजन कापतं. कोलॅजन म्हणजे हिरडीतला आणि दात-हाडाच्या मधल्या तंतूंमधला मुख्य माल, तीन पेड एकत्र वळलेला दोर असतो तसा. तिपेडी दोर सहजासहजी तुटत नाही, पण एमएमपी-८ त्याला एका ठराविक जागी कापतं, एक तुकडा तीन-चतुर्थांश आणि एक पाव, आणि एकदा कापला की दोर उसवत जातो. हे कापणारं एन्झाइम पहिल्यांदा सापडलं कुठे माहितीये? बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत! १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर हे दोघं बघत होते की पिल्लाचा बेडूक होताना शेपटी जाते कुठे, तर कोलॅजन कापणारं एन्झाइम ती शेपटी विरघळवत होतं. तुमच्या हिरडीतही त्याच खानदानातली मंडळी काम करतायत.

एमएमपी-८ मुख्यत्वे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्या पोटात भरून आणतात, पण ते म्यान घातलेल्या तलवारीसारखं असतं. बाहेर पडल्यावर म्यान निघालं तरच कापतं. म्हणून नुसतं एमएमपी-८ किती आहे यापेक्षा 'म्यानाबाहेरचं' किती आहे हे मोजणं जास्त उपयोगी ठरतं.

तिसरी जोडी आहे रँक-एल आणि ओपीजी. हा ओपीजी म्हणजे तो अख्ख्या जबड्याचा एक्स-रे नाही बरं का, नाव सारखं आहे फक्त, हे ऑस्टिओप्रोटेजेरिन. रँक-एल हाड खाणाऱ्या पेशी तयार करायला लावतं आणि ओपीजी त्याला मध्येच अडवतं, म्हणून रँक-एल जास्त आणि ओपीजी कमी झालं की हाड झिजण्याकडे पारडं झुकतं. ऑस्टिओपोरोसिससाठी आजी-आजोबांना सहा महिन्यांनी डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन देतात ना, ते याच रँक-एलला धरतं. आणि विषय निघालाच आहे तर, ते इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी डेंटिस्टला सांगाच, जबड्याच्या हाडाचा त्रास होऊ शकतो.

चौथं कॅलप्रोटेक्टिन. आतड्याच्या सुजेसाठी शौचातून जे मोजतात तेच, तोंडातही सापडतं. बाकी लॅक्टोफेरिन, मायलोपेरॉक्सिडेज वगैरे आहेत, ती इथे सोडून देते.

एकाच घरात, एकच पेस्ट, नवऱ्याचे दात गेले आणि बायकोचे ठणठणीत. असं का?

याचं सगळ्यात मोठं उत्तर श्रीलंकेतून आलं. हाराल्ड लोए म्हणून नॉर्वेचे शास्त्रज्ञ होते. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूसला त्यांनी १२ जणांना, त्यात बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी, ब्रश करणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, ब्रश परत सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. म्हणजे किटण साठलं की हिरडी सुजते हे सिद्ध झालं, आज ते सगळ्यांना माहीतच आहे असं वाटतं पण तेव्हा सिद्ध करावं लागलं.

पण पुढे काय? हाड कुणाचं जातं? त्यासाठी त्यांच्या टीमने १९७० पासून १९८५ पर्यंत श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यातल्या ४८० पुरुष कामगारांना बघितलं. ब्रश-पेस्ट, दाताचा डॉक्टर हे तिथे पोचलेलंच नव्हतं, सगळ्यांच्या दातांवर भरपूर किटण, सगळ्यांच्या हिरड्या लाल. आणि निघालं काय, ८ टक्के लोकांचा आजार भराभर वाढला आणि दात गेले, ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला, आणि ११ टक्के लोकांचा हिरडी सुजण्याच्या पुढे गेलाच नाही. किटण सगळ्यांचं सारखं, पण शरीराने त्याला उत्तर वेगवेगळं दिलं. (पंधरा वर्षं नुसतं बघत राहणं आज कुठल्याही एथिक्स कमिटीने मान्य केलं नसतं, आणि ते बरोबरच आहे.)

तर तुमच्या घरातल्या प्रश्नाचं उत्तर हे, की दोघांची सूज वेगळी आहे. आणि हा ८ टक्क्यांतला माणूस हाड जायच्या आधी ओळखता आला पाहिजे, प्रोटीनांच्या मागे लागायचं खरं कारण तेच आहे.

ती जर्मनीची चूळ भरायची टेस्ट खरी आहे का?

खरी आहे. पेरिओसेफ नावाने येते, जर्मन कंपनीची आहे, तिच्यामागचं बरंच संशोधन फिनलंडमधल्या हेलसिंकी युनिव्हर्सिटीत टिमो सोर्सा यांच्या ग्रुपने केलंय. आधी साध्या पाण्याने चूळ भरून टाकायची, मग दिलेल्या शुद्ध पाण्याने अर्धा मिनिट खळखळून ते कपात थुंकायचं, त्यातले थेंब किटवर टाकायचे. कोविडच्या वेळी घरी केलेली किट आठवते? तशीच, एक रेघ की दोन. पाच मिनिटांत कळतं. म्यानाबाहेरचं एमएमपी-८ एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की दुसरी रेघ उमटते.

आता माझं मत. टेस्ट हुशार आहे, पण ती 'हो-नाही' सांगते, कुठला दात ते सांगत नाही. एकाच दाताशी खोल खड्डा असेल आणि बाकी तोंड स्वच्छ असेल तर चुळेत ते विरून जाऊ शकतं. उलट अक्कलदाढेवरची हिरडी सुजलीये किंवा गेल्या आठवड्यात दात काढलाय तर तिथेही न्यूट्रोफिल जमलेच असतात, मग रेघ कशामुळे आली कुणास ठाऊक. त्यामुळे प्रोबने नीट तपासायच्या ऐवजी ही टेस्ट करायला कुणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. ट्रीटमेंट झाल्यावर तीन महिन्यांनी आग विझली का हे बघायला, किंवा डायबेटिसच्या ओपीडीत जिथे दाताचा डॉक्टरच नाही तिथे कुणाला आमच्याकडे पाठवायचं हे ठरवायला, तिथे ती मला पटते.

मग आपल्या इथले डॉक्टर अशी टेस्ट लिहून का देत नाहीत? माहीत नसते का?

माहीत असते हो. नोव्हेंबर २०१७ मध्ये शिकागोला जगभरच्या हिरडीवाल्यांची मोठी बैठक झाली, त्यातून २०१८ मध्ये आजाराचं नवीन वर्गीकरण आलं, स्टेज १ ते ४ आणि ग्रेड ए, बी, सी. स्टेज म्हणजे किती बिघडलंय आणि ग्रेड म्हणजे किती वेगाने बिघडतंय. त्या ग्रेडच्या तक्त्यात सिगारेट आहे, डायबेटिस आहे, रक्तातल्या सीआरपीलाही जागा दिलीये, आणि थुंकीतल्या, हिरडीच्या द्रवातल्या मार्करच्या, म्हणजे याच सुजेच्या प्रोटीनांच्या, रकान्यात चक्क प्रश्नचिन्हं छापलीयेत. म्हणजे जागा राखून ठेवलीये, एसटीत रुमाल टाकून ठेवतात तशी, बसणारा अजून आलेला नाही. हे मला फार प्रामाणिक वाटतं.

माझं सीआरपी ४ आलंय. हे हिरड्यांमुळे असेल का?

असू शकतं, पण आधी युनिट बघा. एका लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, दुसऱ्या लॅबचा प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हीत दहापटीचा फरक आहे. प्रति लिटर ४ म्हणजे किंचित वाढलेलं. प्रति डेसिलिटर ४ म्हणजे प्रति लिटर ४०, आणि तेवढं नुसत्या हिरड्यांनी सहसा होत नाही, फिजिशियनकडे जा आणि दुसरं काही आहे का ते बघा.

सीआरपी हे जुनं खोड आहे. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. लिव्हर बनवतं, इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. प्रॉब्लेम असा की ते फार भोळं आहे, कुठेही काही झालं की वाढतं. डेंग्यू, चिकनगुनिया, साधा सर्दी-ताप, गुडघ्याचा संधिवात, पोटावरची चरबी, सगळ्यांनी वाढतं. म्हणून ताप येऊन गेल्यावर लगेच हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी करण्यात अर्थ नाही, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. वरच्या उत्तरातल्या त्या ग्रेडच्या तक्त्यात सीआरपीचे जे आकडे आहेत ते प्रति लिटर १ च्या खाली, १ ते ३, आणि ३ च्या वर असे आहेत, तुमचं ४ तिसऱ्या गटात जातं. हिरड्या खराब असतील तर त्या आधी बऱ्या करून परत मोजायला हरकत नाही. पण नुसतं सीआरपी बघून 'तुम्हाला पायरिया आहे' असं म्हणणं म्हणजे धूर दिसला म्हणून अमक्याच्याच घरी चूल पेटलीये म्हणण्यासारखं झालं.

क्लिनिंग केल्यावर दुसऱ्याच दिवशी सीआरपी केलं तर अजून वाढलेलं. ट्रीटमेंट चुकली का?

नाही, हे होतंच. लंडनमध्ये १२० पेशंटवर केलेला अभ्यास २००७ मध्ये छापून आलाय. खोलवर साफ केल्यानंतर २४ तासांत सुजेची प्रोटीनं वाढली, रक्तवाहिन्यांचं सैल होण्याचं काम थोडं बिघडलं, आणि सहा महिन्यांनी तेच रक्तवाहिन्यांचं काम आधीपेक्षा सुधारलेलं होतं. साफ करताना आतलं सगळं ढवळलं जातं, त्यामुळे हा तात्पुरता भडका. हिरड्यांच्या कामानंतर आठवडाभर तरी सीआरपी करू नका, मी तर तीन महिने थांबा म्हणते.

शुगर आहे. हिरड्यांचा त्रास त्यामुळे की त्रासामुळे शुगर?

दोन्ही बाजूंनी. शुगर जास्त असली की शरीराची सूज जास्त भडकते आणि जास्त वेळ टिकते, तेवढंच किटण असून हाड जास्त जातं. आणि हिरड्यांतून रक्तात जाणारं टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. कॉक्रेन म्हणून जगभरचे अभ्यास तपासणारी संस्था आहे, तिच्या २०२२ च्या आढाव्यात सगळे चांगले अभ्यास एकत्र करून बघितलं, तर हिरड्यांची ट्रीटमेंट केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) सरासरी ०.४३ टक्क्याने खाली आलं. म्हणजे ८.४ चं साधारण ८. हे गोळी बंद करण्याइतकं नाही, आणि कृपया कुणी गोळी बंद करू नका, पण शुगरवाले लोक अर्ध्या टक्क्यासाठी मेथीचं पाणी पितात, कारल्याचा रस पितात, आणि दाताच्या डॉक्टरकडे यायला मात्र दोन वर्षं लावतात.

मी रोज मशेरी लावते, माझ्या हिरड्यांतून एक थेंब रक्त येत नाही. मग माझ्या हिरड्या चांगल्याच ना?

मावशी, हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो आणि याच पेशंटचं तोंड बघताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मशेरी, गुटखा, तंबाखू-चुना ठेवतात तिथली हिरडी पांढरी, जाड पडते आणि दातापासून खाली सरकते. सिगारेट-विडीवाल्यांमध्ये तर हिरडीतून रक्त येणंच दबलं जातं, आतमध्ये खड्डा सात मिलिमीटर आणि बाहेरून सगळं शांत. वर मी म्हणाले ना की रक्त न येणं ही चांगली बातमी, ती तंबाखूवाल्यांसाठी नाही. धूम्रपान करणाऱ्यांत प्रोटीनांचे आकडेही फसवतात, काही कमी येतात, काही जास्त, त्यामुळे इथे प्रोब आणि एक्स-रे याला पर्याय नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मशेरी आधी दिवसातून एकदावर आणा, मग बंद करा, आणि दाताला मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हे कारण मला सांगू नका, ते मी रोज ऐकते.

ही प्रोटीनं कमी करायची गोळी नाही का?

एक आहे, आणि तिची गोष्ट मला आवडते. अमेरिकेत स्टोनी ब्रूकला लॉर्न गोलब म्हणून शास्त्रज्ञ, त्यांच्या लक्षात आलं की टेट्रासायक्लिन जातीची औषधं दिल्यावर डायबेटिस झालेल्या उंदरांच्या हिरडीतलं कोलॅजन कापणं कमी होतं, आणि गंमत म्हणजे ज्या उंदरांच्या अंगात जंतूच नव्हते त्यांच्यातही कमी होतं. म्हणजे औषध जंतू मारून हे करत नव्हतं, सरळ त्या कात्रीलाच धरत होतं. हे छापलं १९८३ मध्ये. त्यातून पुढे डॉक्सिसायक्लिनचा २० मिलिग्रॅमचा डोस निघाला, दिवसातून दोनदा, इतका कमी की जंतूंवर त्याचा परिणाम होत नाही, फक्त एमएमपी-८ सारखी कापणारी प्रोटीनं दबतात. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलं.

पण थांबा. हे खोल साफसफाईच्या जोडीला द्यायचं औषध आहे, साफसफाईच्या ऐवजी नाही, काही महिने घ्यावं लागतं, आणि जो फायदा होतो तो माफक असतो. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं यांना द्यायचंच नाही. मेडिकलवाल्याकडून १०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांची स्ट्रिप आणून अर्धी-पाव करून खाण्याचा उद्योग करू नका, त्या डोसने जंतू पुरते मरत नाहीत पण औषधाला सरावतात. आणि पेनकिलर खाऊन सूज दाबायची आयडिया पण नको, गोळीचा असर उतरला की सूज परत, आणि किडनीचं काय ते वेगळंच.

हळद? तेलाच्या गुळण्या?

हळदीने सूज थोडी उतरते, हळदीची जेल हिरडीत घालून आपल्या डेंटल कॉलेजांनी बरेच छोटे-छोटे अभ्यास केलेत. पण दगडासारखं झालेलं किटण हळदीने निघत नाही, तेलाने निघत नाही, राखुंडीने तर दात झिजतो. करायचं तर करा, मी रागावणार नाही, पण आधी किटण काढून घ्या.

क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात.

काकूंचा दात आधीपासून हलत होता. हाड गेलेलं असतं, दाताला किटणाने प्लास्टर लावल्यासारखं धरून ठेवलेलं असतं, ते काढलं की खरी परिस्थिती कळते. फटी दिसतात, थंड लागतं, सूज उतरून हिरडी खाली बसते. पण किटण तसंच ठेवलं तर तो दात धरून राहणार नाही, आतून एमएमपी-८ तिपेडी दोर कापत राहणारच. बरेच दात काम झाल्यावर सहा-आठ आठवड्यांत उलट घट्ट होतात, कारण सूज गेल्यावर तंतू परत पकडतात. काकूंना माझ्याकडे पाठवा.

ते जीन टेस्टने आधीच कळतं म्हणे, कुणाला होणार ते?

१९९७ मध्ये इंटरल्यूकिन-१ च्या जीनमधला एक विशिष्ट प्रकार आणि गंभीर आजार यांचा संबंध अमेरिकेत छापून आला, त्यावर टेस्टही विकायला आली. नंतर वेगवेगळ्या देशांत बघितलं तर कुठे संबंध दिसला, कुठे नाही. माझ्या मते त्या पैशात तुम्ही आणि तुमची भावंडं सगळ्यांची नीट तपासणी होईल. घरात आई-वडिलांचे दात चाळिशीच्या आत हलून पडले होते का, हे विचारा, ती फुकटची जीन टेस्ट आहे.

मी पाचव्या महिन्यात आहे, ब्रश केला की भळाभळा रक्त. टेस्ट करू?

टेस्ट नको. गरोदरपणात हार्मोन्समुळे तेवढ्याच किटणाला हिरडी जास्त सुजते, हे फार कॉमन आहे. चौथा ते सहावा महिना क्लिनिंगसाठी चांगला काळ आहे, घाबरू नका, तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगा आणि या. मऊ ब्रश घ्या पण ब्रश करणं सोडू नका, सोडणाऱ्याच जास्त असतात.

घरी बसून काहीच मोजता येत नाही का मग?

प्रोटीन नाही, पण एक करा. झोपण्यापूर्वी दातांच्या फटीत बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवा आणि पांढऱ्या वाटीत थुंका. गुलाबी आलं तर कुठल्या फटीत आलं ते लक्षात ठेवा. पंधरा दिवस रोज फिरवा. ज्या फटींतलं रक्त थांबलं त्या बऱ्या झाल्या, ज्यांतलं पंधरा दिवसांनीही थांबत नाही ती जागा मला दाखवा. तंबाखूवाल्यांनी मात्र या वाटीवर विश्वास ठेवायचा नाही, सरळ यायचं.

खर्च फार होतो हो, एवढ्या लांबच्या गोष्टी कशा करायच्या?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खासगीच्या मानाने अगदी थोड्या पैशात काम होतं. विद्यार्थी हात लावतात म्हणून लोक घाबरतात, पण वर मास्तर उभे असतात आणि वेळ घेऊन करतात, माझ्यापेक्षा जास्त वेळ देतात ते. सकाळी लवकर जा, डबा बरोबर न्या, नंबर लागायला वेळ लागतो.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपला पाठवला तर सांगाल का?

पाठवा, पण नुसता सीआरपीचा आकडा नको. युनिटसकट पूर्ण पान, गेल्या महिन्यात ताप आला होता का, एचबीए१सी असेल तर तो, तंबाखू-सिगारेट किती वर्षं आणि दिवसाला किती, आणि जुना एक्स-रे असला तर खिडकीच्या उजेडात धरून काढलेला फोटो, ट्यूबलाइटखाली काढलेल्यात मला फक्त ट्यूबलाइट दिसते.